तीनदा गाळलेलं पेट्रोल

आमच्या चिंचवडच्या चाळीतले शंकरनाना नळाचं पाणी येईल तसं पीत, पण गाडीचं पेट्रोल मात्र मलमलीतून तीनदा गाळत. यावरून नानी त्यांना ऐकवायच्या, "माझ्या चहाला फाटकं गाळणं, अन् हिला मलमल! सवतीचे लाड हायेत नुसते."

गाडी लाल, बिनटपाची, दोनच सीटांची. नाना कंपनीत फिटर होते. तिथले एक गोरे साहेब मायदेशी परतताना ही बंद पडलेली गाडी त्यांना देऊन गेले. नानांनी दोन वर्षं खपून ती चालू केली. दर रविवारी ते पेट्रोलची नळी काढत, एका टोकातून फुंकत आणि दुसऱ्या टोकाची हवा गालावर घेत. मग फिल्टरची काचेची वाटी उन्हात धरून तिच्यात कचरा शोधत बसत. "इंजन म्हातारं होऊन मरत न्हाई, कचऱ्यानं मरतं," असं ते भेटेल त्याला सांगत.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मीच पहिला. एकदा धीर करून मी म्हणालो, "नाना, पुस्तकात लिहिलंय, फिल्टर इतक्यांदा साफ करावा लागत नाही."

"तुझं पुस्तक कधी घाटात बंद पडलंय का रं?"

त्यांची गाडी खरंच कधी रस्त्यात बंद पडली नव्हती.

पुढे त्यांच्या एकुलत्या एका लेकीचं, सुमनचं लग्न कुरुळीच्या मुलाशी झालं. पाठवणीच्या वेळी नानांनी जाहीर केलं, "पोरीला मी माझ्या गाडीतनं सोडणार."

"आन् नवरदेव?" व्याह्यांनी विचारलं.

"दोनच सीटा हायेत, राव. जावईबापू येतील वऱ्हाडाच्या ट्रकातनं."

बायकांत बरीच कुरबुर झाली. जावई मात्र हसत ट्रकात चढले. त्यांच्यामागून मीही चढलो.

मोशीच्या पुढे लाल गाडी रस्त्याकडेला उभी दिसली. बॉनेट उघडं. ट्रक थांबताच मी धावत गेलो. नाना फिल्टरची वाटी उन्हात धरून उकिडवे बसले होते. पेट्रोल नितळ होतं, तळाशी कणसुद्धा नव्हता.

"नाना, कचरा तर दिसत नाही."

"बारीक हाय. तुला न्हाई दिसायचा." त्यांनी मान वर केली नाही.

शालू सावरत सुमन त्यांच्याजवळच दगडावर बसली. "नीट बघा, नाना," ती म्हणाली. "घाई न्हाई."

कुरुळी तिथून फार तर दहा मिनिटांवर होती.

"काय झालं हो?" जावयांनी ट्रकातून हाक दिली.

मला खोटं बोलायची सवय नव्हती. तरी ओरडून सांगितलं, "बराच कचरा निघतोय! वेळ लागेल!"