तुडवायची रांगोळी

आमच्या गल्लीत रांगोळीवर चुकून पाय पडला, तर माणूस खाली वाकून नमस्कार करतो. शिवकांताअक्कांच्या दारात मात्र रांगोळी चुकवून जाणाऱ्याचीच धडगत नसे.

"कामून उडी मारायलात? तुडवा की! पायाला मेंदी लावली काय?"

लातूरच्या या गल्लीत राहायला आलो, त्या पहिल्याच सकाळी हे वाक्य माझ्या वाट्याला आले. मी ग्रंथपाल, कुणाच्या उंबऱ्यावरही पाय देताना संकोचणारा माणूस. खाली पाहिले, तर कमळ नव्हते, गोपद्मे नव्हती. कोळशाच्या पुडीने काढलेली एक प्रचंड म्हैस होती. कपाळभर लाल डोळे आणि पिवळे दात. ही म्हैस अक्कांच्या स्वप्नात वारंवार येई आणि छातीवर बसे. जाग आली, की अक्का आधी तिला दारात मांडीत.

"रात्री ती माझ्यावर बसती. सकाळी गाव तिच्यावरून जाऊ द्या."

जितके पाय अधिक, तितकी पुढची झोप बरी, असा त्यांचा अनुभव होता.

दूधवाल्याने एकदा विचारले, "अक्का, ही म्हैस दूध किती देती?"

"तू पाणी घालतूस तेवढं बी न्हाई. तुडव अन् चालता हो!"

अक्का साध्या आवाजात बोलल्याचे मला आठवत नव्हते.

गेल्या माघात समोरच्या वकिलांच्या ऋतुजाला पाहायला नांदेडचे पाहुणे यायचे होते. वकिलांनी सकाळीच बादलीभर पाणी ओतून म्हैस धुऊन टाकली. तिच्यावर एकही पाय पडण्याआधी. मी खिडकीतून नुसता पाहत राहिलो. त्या सकाळबद्दल मला वकिलांपेक्षा स्वतःचाच राग अधिक येतो.

अक्का बाहेर आल्या. "न तुडवता धुतली? आता रात्री तुमच्याकडं निजायला येणार हाय का ती?"

"चांगल्या दिवशी हे अभद्र कशाला? पाहुणे काय म्हणतील?"

"माझ्या झोपंचं पाहुण्यांला काय करायचंय?"

वकील तणतणत घरात गेले. अक्कांनी ओल्याच अंगणात पुन्हा म्हैस काढायला घेतली. संतापातही चिमूट ढळत नव्हती. मी धीर करून जवळ गेलो, तेव्हा प्रथमच दिसले: म्हशीचे पुढचे पाय खुरांचे नव्हते. ते पुरुषाचे हात होते. एका बोटात अंगठी.

अक्कांनी माझी नजर ओळखली. "आमच्या मालकाचे हायत," त्या हळू म्हणाल्या. "मालक जाऊन लई वर्षं झाली, सर. हात न्हाई गेले."

म्हशीवर पाय द्यायचा म्हणून मी चपला काढू लागलो.

"असू द्या पायात."

पण ऋतुजा केव्हाची फाटकापाशी उभी होती. नवी साडी सावरत ती अनवाणी आली आणि त्या दोन हातांवर उभी राहून टाचा घासू लागली.

"ऋतुजा! पाहुणे आले!" वकील ओरडले.

अक्कांनी तिला खसकन ओढून पायरीवर बसवले. त्या स्वतः खाली बसल्या, तिचे पाऊल मांडीवर घेतले आणि पदराने कोळसा पुसू लागल्या, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा.

"अक्का, गुदगुल्या होतात."

"हलू नगंस. बघायला आलेल्याचे हात नीट बघ. लाजू नगंस."

समोरून पुन्हा हाक आली.

"मारू दे हाका," अक्का म्हणाल्या आणि त्यांनी दुसरे पाऊल मांडीवर घेतले.