सगळी गल्ली उठवणारं गाणं

वाल्देमिरच्या घरचा गॅस संपला तो नेमका फेजोआडाच्या रश्श्यातला काळा घेवडा अर्धा शिजल्यावर, आणि तोही पाहुणे गच्चीवर येऊन बसल्यावर. मादुरेराच्या वस्तीत त्या आठवड्यात गॅसची गाडी फिरकलीच नव्हती. न्यूझाने पातेल्यावर झाकण ठेवलं आणि नवऱ्याला म्हणाली, "आता तुझी गाणीच वाढ सगळ्यांना."

तशी मंडळी गाण्यांसाठीच जमवली होती म्हणा. वाल्देमिर सॅक्सोफोन वाजवायचा. तळमजल्यावरच्या मागच्या खोलीत खिडकीशी बसून, वर्षानुवर्षं घासून त्याने एक आल्बम केला होता. खाली सांब्याचा ठेका, वर जॅझ आणि मध्ये सोल संगीताची हुरहुर. आफ्रिकेतलंही काहीतरी घातलं होतं, पण ते नक्की कुठे, हे आता त्यालाच सापडत नव्हतं. त्या खोलीवर सासूबाईंचा, म्हणजे दोना ओडेटचा, डोळा होता. त्यांना जिना झेपत नव्हता आणि त्यांच्या पोपटाला उजेड हवा होता. न्यूझाने आई आणि नवरा यांच्यात तोडगा काढला. रेडिओवाल्या ओतोनिएलकाकांनी आल्बम लावायचं कबूल केलं तर खोली सॅक्सोफोनची, नाहीतर पोपटाची.

काकांची परीक्षा सोपी होती. "मला जॅझमधलं ओ की ठो कळत नाही," ते खुर्चीत रेलून म्हणाले. "मी माणसं बघतो. कुणी न सांगता माणूस जागचा उठला, की गाणं रेडिओवर."

पहिल्या गाण्याला कुणी उठलं नाही. दुसऱ्याला एक शेजारी डुलू लागला, पण ती पेंग निघाली. तिसरं चालू असताना दोना ओडेट अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "जावईबापू, पिंजऱ्यासाठी खिळा खिडकीच्या कुठल्या बाजूला ठोकू या?"  वाल्देमिरने हुकमाचा एक्का काढला. बायकोवर केलेलं, एका सकाळी आपोआप सुचलेलं गाणं. नावच 'न्यूझा'. त्याने आवाज पूर्ण वाढवला आणि स्पीकरचं तोंड रस्त्याकडे फिरवलं.

सॅक्सोफोनने चाल धरली मात्र, समोरच्या घरांची दारं धडाधड उघडली. गच्चीवरच्यांनी आधी कान टवकारले, मग सगळेच्या सगळे उठून जिन्याकडे धावले. शेजारच्या सेलिनावहिनी तर अनवाणीच पळाल्या. ओतोनिएलकाका कठडा धरून बघत राहिले. एवढी हयात रेडिओत गेली, पण एका गाण्यावर आख्खी गल्ली रस्त्यावर आलेली त्यांनी पाहिली नव्हती. वाल्देमिरचे डोळे भरून आले.

मग त्याला दिसलं, की ज्याच्या त्याच्या खांद्यावर रिकामा सिलिंडर आहे.

चाल गॅसच्या गाडीची होती, गल्लीत आल्याची वर्दी द्यायला ती रोज वाजवायची तीच. खिडकीत बसून ऐकून ऐकून ती त्याच्या डोक्यात मुरली होती. त्याने ती संथ केली, वर भारी भारी स्वरांची झूल चढवली, त्यामुळे खोलीत कुणाला पत्ता लागला नाही. उघड्यावर झूल उडून गेली आणि खालची गाडी तेवढी उरली. बायकोमुळे सुचली हे मात्र खरं. त्या सकाळी न्यूझा ओरडत होती, सिलिंडर बाहेर काढ, गाडी जाईल.

खाली दाराशी रांग लागली. हे गाणं आहे, असं वाल्देमिरने वरून सांगितल्यावर सेलिनावहिनी म्हणाल्या, "गाण्यावर भात शिजतो का रे, मेल्या?" मंडळी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत आपापल्या घरी गेली आणि दारं लावून बसली.

आणि तेवढ्यात खरी गाडी आली.

गाडीने तीच चाल वाजवत गल्लीच्या दोन फेऱ्या मारल्या, पण चिटपाखरू बाहेर येईना. एका खिडकीतून उलट आवाज आला, की वाल्देमिर, एकदा फसलो तेवढं पुरे. वाल्देमिर गच्चीवरून जीव तोडून सांगत होता, की गाडी खरी आहे. त्यामुळे लोकांचा संशय जास्तच पक्का झाला. शेवटी गाडीवाला क्लेबर सगळी हकीकत ऐकून तणतणत वर आला.

"माझी चाल वाजवून तू काय विकतोस?"

"अजून काहीच विकलं गेलं नाही," वाल्देमिर खरं तेच बोलला.

क्लेबरला ऐकवावंच लागलं. त्याने हाताची घडी घालून गाणं ऐकलं. ठेका सुरू झाला तसा त्याचा पाय हलला, मग खांदा. संपल्यावर तो म्हणाला, "माझी टेप नुसती घरघरते. ही मला दे, म्हणजे फिट्टंफाट." न्यूझाने आधी नवा सिलिंडर जोडून घेतला आणि मगच होकार दिला.

ओतोनिएलकाका शब्दाला जागले. "माणसं उठली ना? का उठली, ही चौकशी माझ्याकडे नाही," म्हणाले आणि शिजलेला फेजोआडा दोनदा वाढून घेतला. दोना ओडेटनी खिळा परत डब्यात टाकला. खोली सॅक्सोफोनची झाली.

आता क्लेबरची गाडी 'न्यूझा' वाजवत फिरते. पहिल्यांदा ती आमच्या गल्लीत शिरली तेव्हा वाल्देमिर खोलीत बसून नवी चाल जुळवत होता. बाहेर त्याचाच सॅक्सोफोन घुमला, त्याचाच ठेका, त्याच्या आयुष्याची कमाई. त्याने वाद्य खाली टाकलं, रिकामा सिलिंडर खांद्यावर घेतला आणि दाराकडे धाव घेतली.

"जावईबापू, तुमचं गाणं लागलंय," दोना ओडेट कौतुकाने म्हणाल्या.

"नंतर ऐकतो," तो पळता पळता म्हणाला, "गाडी जाईल."