नववं माणूस

आमच्या शेजारच्या बापूंकडे चहा सहजासहजी मिळत नाही. आधी इतिहास ऐकावा लागतो.

"आधी इतिहास, मंग चहा," म्हणत ते पाहुण्याला दारातल्या कडूलिंबाखाली बाजेवर बसवतात. बियाणं विकायला आलेला माणूस असो, लस टोचणारी नर्स असो की पोरगी पाहायला आलेली मंडळी, सूट कुणालाच नाही. एकदा घरात साप निघाला म्हणून सर्पमित्राला बोलावलं. त्यालाही बसवलं. "बस तू. साप कुठं जातो?" इतिहास संपेपर्यंत साप निघून गेला होता.

इतिहास आमच्या वस्तीचा. कुंभार पिंपळगावच्या पुढं, ओढ्यापल्याड सतरा घरं. कागदावर नुसता गट नंबर, लोकांच्या तोंडी 'पलीकडची वस्ती'. हे ऐकलं की बापू उसळतात. "पलीकडची म्हंजे? हिकडून बघा ना, तुम्हीच पलीकडचे!"

सुरुवात ठरलेली. "तीन घरं, नऊ माणसं आन् दीडशे मेंढरं. चारा हुडकत जाऊन राह्यल्तो. ह्या लिंबाखाली थांबलो, ते थांबलोच." मग एकेकाचं नाव. शाळेत असताना मी बोटांवर मोजलं होतं.

"बापू, नावं आठच होतात."

"तुझी मोजणी चुकली. बुकं वाचून बिघडलास."

त्या दिवशी मला चहा मिळाला नाही.

यंदा पंचायतीनं वस्तीला पाटी द्यायचं ठरवलं. ग्रामसेवक नाव विचारायला तीनदा आले, तीनदा इतिहास ऐकून गेले. कुणी देवाचं नाव सुचवलं, कुणी पुढाऱ्याचं. बापू सगळ्यांना आडवे. "जल्दी कशाची? नाव बराबर पाह्यजे." शेवटी ग्रामसेवक वैतागले. सोमवारपर्यंत नाव आलं नाही, तर 'पलीकडची वस्ती' असंच रंगणार होतं.

त्याच दिवसांत माझी आई गेली. दहावं झालं, पाहुणे पांगले, आणि मी लिंबाखाली जाऊन बसलो. बापू कपबशी घेऊन बाहेर आले. मी इतिहासाची वाट पाहिली.

"पी," ते म्हणाले. "निवतो."

चहा संपल्यावर मीच म्हणालो, "तीन घरं, नऊ माणसं…"

बापू बुंध्याकडं बघत राहिले. "नववी माझी बहीण. नऊ दिसांची. बारशाआधीच गेली, हितंच मातीत ठिवली. दुसऱ्या दिशी मेंढरं हाकायची, तर माय उठंना. म्हनली, पोरीला अजून नाव न्हाई, एकली टाकून कुठं जाऊ? मंग थांबलो." रिकामी कपबशी उचलत म्हणाले, "तुझ्या मायला ठावं व्हतं. तिनं कधी बोटं मोजली न्हाईत."

राहिलेलं बारसं करायला रविवारी बायकांनी लिंबाला पाळणा टांगला. नाव ठेवायचा मान आत्याचा, पण आत्या कुणी उरली नव्हती. बापूच वाकले, बुंध्याशी तोंड नेऊन 'कुर्र' केलं. रिवाजाप्रमाणे बायकांनी त्यांच्या पाठीत धपाटे घातले. बुडालेल्या सगळ्या चहांचा वचपा निघाला.

"लिंबाई," बापू म्हणाले. पाठ चोळत पुन्हा म्हणाले, "लिंबाई. ही वस्ती तिची."

सोमवारी ग्रामसेवक आले आणि न सांगता बाजेवर बसले. बापूंनी सुरुवात केली. मी बोटं मोजत होतो.

नऊ भरली. मग चहा आला.