खुर्चीसकट पायपर

कोलमन शेजारच्या गाईवर ओरडण्याच्या नादात खुर्चीला बांधला गेला.

गाय कोबीत शिरली होती. कोलमन स्वयंपाकघरात इलन पाईप घेऊन बसला होता. हे वाद्य तोंडाने फुंकत नाहीत. कमरेला पट्ट्याने भाता बांधायचा आणि कोपराने दाबत वारा भरायचा. खिडकीतून "हाऽऽड!" म्हणत त्याने पट्टा मागून ओढला, बक्कल आवळलं आणि गाईमागे धावायला उठला. खुर्चीही उठली.

"सोरखा! मागून कोणीतरी धरलंय मला!"

बायकोने पाहिलं. पट्टा खुर्चीच्या पाठीच्या दांड्यामागून आला होता. तिने पक्कड लावून जोर केला, तसा बक्कलचा काटा मोडला आणि बक्कल कायमचं बसलं.

"कापते पट्टा."

"कापतेस काय? भाता लोंबकळेल! तासाभरात पुतणीचं लग्न आहे. मी नाही वाजवलं तर तो टाइग तयारच बसलाय!"

टाइग म्हणजे गावातला दुसरा पायपर. कोलमनला सर्दी झाली तरी तो नवा शर्ट इस्त्री करून ठेवी.

"मग खुर्चीच कापू," म्हणत सोरखाने करवत काढली.

"माझ्या आईची खुर्ची आहे ती!" कोपऱ्यातून कोलमनच्या सासूबाई कडाडल्या. "करवत लावायची तर जावयाला लावा."

मोटारीच्या दारातून खुर्ची आत जाईना. शेवटी कोलमनला मेंढ्यांच्या ट्रेलरमध्ये चढवलं. तिथे तो ऐसपैस बसला. वाटेत लोकांनी टोप्या काढल्या, त्यानेही मान लववली. करणार काय?

चर्चच्या दारात टाइग उभा होता. "काय रे, लग्नाला घरून खुर्ची? तुझ्या वजनाचा चर्चच्या बाकांना भरवसा नाही वाटतं?"

"माझी बैठक वेगळी आहे," कोलमन म्हणाला आणि खेकड्यासारखा तिरका होऊन आत शिरला.

सुरुवात झकास झाली. नवरी दारात आली, कोलमनने सूर धरला. पण फादरनी हात वर केले आणि सगळे उठले. एकटं बसून राहणं बरं दिसेना, म्हणून तोही कमरेत वाकून उठला. नेमकी तेव्हाच नवरी शेजारून गेली आणि तिची लांबलचक जाळीदार ओढणी खुर्चीच्या पायात अडकली.

नवरी पुढे चालली. तिच्यामागे खुर्ची निघाली, आणि खुर्चीसोबत उलट्या पावलांनी कोलमन. थांबावं तर ओढणी फाटणार आणि वाजवणं सोडावं तर टाइग हसणार. तो वाजवत राहिला. घाबरून त्याचा भाता असा चालला की सूर छपराला भिडले. नवरीला वाटलं, काकाला भरून आलंय. म्हणून ती आणखी हळू चालली.

सगळं चर्च वळून पाहू लागलं. सोरखाने डोळे मिटून घेतले. आता हशा पिकणार, एवढ्यात पहिल्या बाकावरच्या नव्वदीतल्या ब्रिजिताआजी हुंदका देऊन म्हणाल्या, "अगं बाई! जुनी रीत! माझी आजी सांगायची, पायपर आपल्या आसनासकट नवरीला पोचवायचा!"

असं त्यांच्या आजीने कधीच सांगितलं नव्हतं. ती आजी ठार बहिरी होती आणि तिला वाद्यांचा तिटकारा होता. पण नव्वदीच्या बाईला खोटं कोण पाडणार? बायका डोळे पुसू लागल्या. फादरनी दोन शब्द परंपरेवर सांगितले. जेवणाआधी लोहाराने कोलमनला मोकळं केलं, तेव्हा चार आया आपापल्या मुलींच्या तारखा घेऊन उभ्या होत्या.

"पण खुर्ची हवी हं," एकीने बजावलं. "नुसता पायपर नको."

महिन्याभरात टाइग कोलमनच्या दारी आला. पाठीला खुर्ची बांधलेली, चेहरा पडलेला.

"कोलमनदादा, शनिवारी लग्न आहे. नवरीची आई म्हणते, रीतीप्रमाणेच पाहिजे. तेवढं सांग ना, ओढणी कुठल्या पायात अडकवायची?"

कोलमनने हनुवटी खाजवली. सोरखा हसू दाबायला पडद्यामागे गेली.

"मागच्या डाव्या," तो गंभीरपणे म्हणाला. "आमच्या घराण्यात तरी तसंच आहे."