प्रमाणापेक्षा जास्त

वडनेरच्या शकुबाईंच्या घरात दात कशाने घासायचे, हा विषय कधीच निकाली निघालेला होता. कारंज्याच्या बंडूजींचे ‘दंतवज्र’ हे काळे वनस्पती मंजन सर्वानुमते मंजूर होते. नात आकांक्षाला ते गोड लागे, म्हणून ती निम्मे गिळत असे. झाडपाल्याने कोणाचे वाईट होत नाही, असे आजीचे मत होते.

मग आकांक्षाचे पोट दुखू लागले आणि चेहरा पांढराफटक पडला. वर्ध्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासले, तर त्यात शिसे निघाले. त्यांनी मंजन आधी बंद करायला सांगितले. पोरीची आई, म्हणजे शकुबाईंची सून छाया, हादरूनच गेली. शकुबाई मात्र अडून बसल्या. सरकारने मनाई केली का, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

म्हणून छाया डबी घेऊन सरकारी कार्यालयात गेली. तिथे मंजन हे नेमके काय आहे, यावर विचारविनिमय सुरू झाला. रोग बरा करण्याचा दावा नसल्याने ते औषध नव्हते. लावल्यावर माणूस काळाच दिसत असल्याने सौंदर्यप्रसाधनही नव्हते. खाद्यपदार्थ म्हणावे, तर मुलीने गिळणे हा तिचा वैयक्तिक निर्णय ठरत होता. अखेर कोणाच्याच कक्षेत न बसणारा तो नमुना प्रयोगशाळेत गेला आणि अहवाल आला: ‘जड धातू प्रमाणापेक्षा जास्त आढळून आले.’ अहवालाची प्रत योग्य त्या कार्यवाहीसाठी उत्पादकाकडे रवाना झाली.

बंडूजींनी योग्य ती कार्यवाही केली. आयुष्यभर मापात न मारणाऱ्या या माणसाची सरकारने पहिल्यांदाच दखल घेतली होती. नव्या डब्यांवर लाल अक्षरांत छापून आले: ‘शासकीय तपासणीत जड धातू प्रमाणापेक्षा जास्त!’ मंजनावर उड्या पडल्या. महामार्गावरचे ट्रकवाले खोकीच्या खोकी नेऊ लागले. शेजारच्या कारखानदाराच्या मंजनात धातू प्रमाणातच निघाल्याने त्याचा धंदा बसला आणि त्याने फेरतपासणीसाठी अर्ज केला.

छायाच्या तक्रारीवरून एक साहेब कारंज्याला जाऊन आले. छापलेला शब्दन्‌शब्द अहवालाबरहुकूम असून ग्राहकाची कोणतीही दिशाभूल झालेली नाही, अशी त्यांनी नोंद केली. येताना घरच्यांसाठी दोन डब्या आणल्या.

इकडे शकुबाईंनी नवी डबी फोडली. छायाने ती त्यांच्या हातातून ओढून घेतली.

“आई, जड धातू म्हणजे विष असते. पोरीले देऊ नका.”

“सोनं बी जडच असते वं. अन् जास्त देऊन राह्यला तो, कमी तं नाई?”

“पोरगी मरन आपली.”

नातीवर शकुबाईंचा जीव होताच. मग शांतपणे म्हणाल्या, “इतकं वाईट असतं, तं सरकारनं विकू देलं असतं काय?”

छायाने डबी उकिरड्यावर फेकली, पोरीला काखोटीला मारले आणि पुलगावला माहेरी गेली.

आपण सुशिक्षित मंडळी शकुबाईंना खुशाल हसू. फक्त आज सकाळी ब्रशवर जे घेतलेत, ते चांगलेच आहे हे तुम्ही कशावरून ठरवलेत, तेवढे सांगा.