निअँडरथलांचे वकील

९ मेची गोष्ट. रातांब्यांची सोलं मीठ लावून अंगणात पसरत होते. जुना दगडी गडगा काढून जांभ्या चिऱ्यांची भिंत घालायला गवंडी आला होता. तेवढ्यात शेजारचे भाऊ मयेकर आले आणि त्याच्या कपाळाकडे टक लावून म्हणाले, "भुवया बघ गो याच्या. याच्यात दोन टक्क्यांहून जास्तच असणार." गवंड्याने घाबरून कपाळ पुसलं.

दोन टक्के म्हणजे निअँडरथलांचा अंश. भाऊंचा जन्म बंदरावर होड्यांची इंजिनं दुरुस्त करण्यात गेला, पण आता ते हजारो वर्षांपूर्वी नाहीशा झालेल्या त्या माणसांचे वकील आहेत. आपल्या पूर्वजांनी, म्हणजे सेपियनांनी, त्यांचं काय केलं, हा त्यांचा कायमचा खटला. आपण हात लावलेली सुरमई दुसऱ्याने उचलली, की भाऊ म्हणतात, "सेपियनाचं काम." कोणी पडलेली पिशवी उचलून दिली, की "याच्यात ते अजून आहेत."

निकाल मात्र ऋतूप्रमाणे बदलतो. भाऊंना सर्दी झाली, की निअँडरथल आपण नेलेल्या रोगांनी मेले. पावसात चार दिवस वीज गेली, की हवामान त्यांना सोसलं नाही. लग्नसराईत कोणी मेलेलंच नसतं. सोयरिकी होऊन सगळे आपल्यातच मिसळलेले असतात. आणि मे महिन्यात मुंबईकर येऊन विहीर तळाला गेली, की, "मारायला कशाला हवं? हे नुसते आले. ते थोडे, हे फार."

मी हे काम करता करता ऐकते. ऐकायलाच हवं. गेल्या जूनमध्ये मी शेवाळावर घसरून पाय मोडून घेतला, तेव्हा नवरा जहाजावर होता आणि मुलगी परीक्षेसाठी पुण्याला. गडग्यात आमच्या दोन घरांमध्ये एक बेडं आहे, आडवे बांबू सरकवून ये-जा करायची वाट. त्यातून भाऊ सहा आठवडे रोज पेजेचं पातेलं घेऊन आले. आभार मानायला गेले, तर म्हणाले, निअँडरथलांमधल्या एका म्हाताऱ्याची हाडं सापडलीत. एक हात निकामी, डोळा अधू, पाय लंगडा, तरी बरीच वर्षं जगला. "कोणीतरी वाढत होतं ना त्याला?"

पेज अळणी असायची. मी रोज शेवटच्या घोटापर्यंत प्यायले.

आणि त्याच भाऊंना मी त्या दिवशी हातातलं काम न थांबवता सांगून टाकलं, की गुरं शिरतात म्हणून बेडं बुजवतोय, आता रस्त्याने वळसा घालून या. वळसा चढाचा. भाऊंचे गुडघे गेलेले, मुलगा दुबईला, घरात ते एकटे. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण डोक्यात गुरं होती.

ते म्हणाले, बरोबरच आहे, गुरं फार माजलीत. मग जायला वळले. मला ते बरं वाटेना, म्हणून विचारलं, आज कशाने मेले तुमचे लोक?

"शेवटच्याला कळलं असेल काय गो, आपण शेवटचे म्हणून?" ते म्हणाले. "मला वाटतं, नसेल. तो म्हणत असेल, डोंगराच्या पलीकडे असेल कोणीतरी."

आणि बेड्याचे बांबू एकेक करून नीट परत लावत घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गवंडी आल्याबरोबर मी भाऊंना हाक मारली, त्यांना भिंतीसाठी ताणलेल्या दोरीशी, बेड्याच्या जागी उभं केलं आणि त्यांची कोपरं अडणार नाहीत एवढी वाट सोडून गवंड्याला पुढचा चिरा बसवायला लावला.