परीक्षेला नेलेला मामा

नावाप्रमाणेच टाचणीचं सुयांशी उत्तम जमत होतं. घोडं अडलं होतं ते गोळ्यांपाशी. अॅक्युपंक्चरच्या वर्गात तिच्याइतका हलका हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. सुई आत कधी गेली हे माणसाला कळायचंसुद्धा नाही. पण 'नेहमीचे आजार आणि त्यांची औषधं' हा विषय समोर आला की तिच्या डोक्याची पाटी कोरी व्हायची. रक्तदाबाची गोळी थायरॉइडच्या घरात जायची, थायरॉइडची दम्याच्या घरात. या एका विषयात ती दोनदा आपटली होती. तिसऱ्यांदा आपटली की वर्गातून नाव कमी. चांगलं चाललेलं शिवणकाम गुंडाळून, नवऱ्याचे टोमणे गिळून ती चाळिशीत विद्यार्थिनी झाली होती. आता परत कोणत्या तोंडाने मशीनवर बसायचं?

या वेळी तोंडी परीक्षा होती. प्रत्येकाने आपापला पेशंट आणायचा, परीक्षकांसमोर त्याचे आजार आणि औषधं विचारून घ्यायची, आणि त्यावरून सुई लावताना काय जपायचं ते सांगायचं. टाचणीने पुष्कळ विचार केला आणि तिला मामा आठवला. मामा म्हणजे बसचा निवृत्त ड्रायव्हर. सत्तरीला टेकलेला, पण दवाखान्याची पायरी जन्मात चढलेला नाही. आजार? नाही. गोळ्या? नाही. संपली परीक्षा! इतकी सोपी युक्ती आपल्याला सुचली याचं टाचणीला स्वतःलाच नवल वाटलं.

"मामा, तू फक्त खरं सांगायचं," तिने बजावलं.

"म्हणजे मला काहीच होत नाही म्हणून सांगायचं?"

"तेच तर पाहिजे!"

मामाने मान डोलावली. पण ती ड्रायव्हरची मान होती. ती कुठेही डोलली तरी गाडी कुठे वळणार याचा पत्ता लागत नसे.

परीक्षेच्या खोलीत एक टेबल, एक खाट आणि रक्तदाब मोजायचं यंत्र होतं. परीक्षक म्हणून एक डॉक्टरीणबाई बसल्या होत्या. त्यांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर होता आणि चेहऱ्यावर सकाळपासून चुकीची उत्तरं ऐकल्याचा थकवा होता.

"करा सुरू," त्या म्हणाल्या.

टाचणीने घसा खाकरला. "काका, तुम्हाला काही आजार?"

"एक असेल तर सांगू ना," मामाने उसासा टाकला. "साखर आहे. जुनी."

टाचणी मामाकडे बघतच राहिली. याच माणसाने सकाळी तिच्या घरी साखर घातलेला दुधाचा पेला दोनदा भरून घेतला होता.

"अच्छा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "साखर असेल तर काय जपाल?"

"पाय..." टाचणी चाचरली. "पायाला बधिरपणा असू शकतो, सुई टोचल्याचं कळत नाही. जखम लवकर भरत नाही. म्हणून पायाची त्वचा आधी नीट बघायची."

"ठीक. अजून काही, काका?"

"रक्त पातळ करायची गोळी चालू आहे," मामा म्हणाला. "आणि छातीत यंत्र बसवलंय. हृदयाचे ठोके धरून ठेवायचं."

तेवढ्यात डॉक्टरीणबाईंचा फोन वाजला आणि त्या खिडकीकडे वळल्या. टाचणीने मामाच्या कानाशी तोंड नेलं.

"मामा, हे काय चालवलंयस?"

"तुझंच काम करतोय," मामा कुजबुजला. "अगं, रिकामी गाडी सरळ रस्त्याने नेऊन लायसन मिळतं का? भरलेली गाडी घाटात चढवून दाखवावी लागते. महिनाभर माझ्या घरी मोठमोठ्याने घोकत होतीस ना, सगळं ऐकून ठेवलंय मी. घाबरू नकोस. अजून दमा बाकी आहे."

"दमा नको! पाया पडते तुझ्या."

डॉक्टरीणबाई परतल्या. टाचणीने घाम पुसला आणि उत्तर जुळवायला घेतलं. रक्त पातळ करायची गोळी असेल तर रक्त थांबायला वेळ लागतो, त्वचेखाली काळंनिळं होतं. बारीक सुई, खोल नाही, काढल्यावर दाबून धरायचं. छातीत यंत्र असेल तर सुयांना वीज जोडायचीच नाही. घाबरल्यामुळे असेल, पण सगळं बरोबर निघत होतं. तिचं तिलाच खरं वाटेना.

"यंत्र कधी बसवलं, काका? व्रण दाखवा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मामा गांगरला नाही. "व्रण नाही. आमच्या डॉक्टरांचा हात फार हलका."

"बरं. गोळ्या आणल्यात?"

आणल्या होत्या! मामाने खिशातून गोळ्यांची रिकामी पाकिटं काढली आणि टेबलावर पत्ते पिसावेत तशी पसरली. ती त्याने सगळ्या शेजारपाजाऱ्यांकडून गोळा केली होती. टाचणीने डोळे मिटून घेतले. डॉक्टरीणबाईंनी एक पाकीट उचललं, चष्मा वर सरकवला, पुन्हा खाली घेतला.

"काका, ही तुम्ही घेता?"

"रोज. न चुकता."

"ही मूल होऊ नये म्हणून बायका घेतात."

मामाने क्षणभर विचार केला. "गुण आहे गोळीला. चालू केल्यापासून आम्हाला एकही मूल झालेलं नाही."

टाचणीला शिवणाचं मशीन डोळ्यांसमोर दिसायला लागलं. आता लपवायचं तरी काय उरलं होतं? तिने हात जोडले.

"बाई, हा माझा सख्खा मामा. याला काही म्हणजे काही झालेलं नाही. मला मार्क मिळावेत म्हणून सगळं खोटं बोलतोय. मला नापास करा, पण मला इथून जाऊ द्या."

"खोटं काय? मला कमी लेखतेस?" मामा उखडला. "एक बीपी सोडलं तर सगळं आहे मला! बीपी तेवढं नाही. ते रागीट माणसांना होतं!" आणि त्याने टेबलावर मूठ आपटली.

डॉक्टरीणबाईंनी रक्तदाबाच्या यंत्राकडे बोट दाखवलं. टाचणीने मामाच्या दंडाला पट्टा गुंडाळला, हवा भरली, सोडली. आकडा बघून तिला वाटलं आपलंच काही चुकलं. मामाला शांत बसवून थोड्या वेळाने पुन्हा मोजलं. मग दुसऱ्या हाताला. मग डॉक्टरीणबाईंनी स्वतः. वरचा आकडा दोनशेला हात लावून बसला होता आणि हलायला तयार नव्हता.

"आता सांगा," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "सुई कुठे लावणार?"

"कुठेच नाही," टाचणी रडवेल्या आवाजात म्हणाली. "याला आधी डॉक्टरकडे नेणार. आत्ताच्या आत्ता."

"पास. उठा, निघा."

पास शब्दाचा आनंद व्हायलासुद्धा सवड मिळाली नाही. दवाखाना पलीकडच्या गल्लीत होता, पण तिथवर जाताना मामा दर विजेच्या खांबापाशी थांबून सांगत होता की यंत्र बिघडलंय. तिथे डॉक्टरांनी विचारलं, "डोकं दुखतं? चक्कर येते? छातीत दुखतं?"

मामाने छाती पुढे काढली. "छे हो! मला काय धाड भरलीय? आजाराचं नाव काढू नका."

"डॉक्टर, याच्यावर विश्वास ठेवू नका," टाचणी म्हणाली.

"हिच्यावर ठेवू नका," मामा म्हणाला. "हिची परीक्षा चालू आहे."

डॉक्टरांनी पट्टा बांधला, आकडा बघितला आणि दोघांनाही गप्प बसायला सांगितलं. मग मामाची छाती तपासली, रक्त घेतलं. मामीला फोन गेला. ती धापा टाकत आली तेव्हा मामा खाटेवर आडवा होता, हातात गोळ्यांचं नवंकोरं पाकीट, तोंडावर पहिल्यांदाच थोडी भीती. ही गोळी रोज घ्यायची, बरं वाटलं म्हणून मनाने बंद करायची नाही, असं टाचणी त्याला समजावत होती.

मामीने नवऱ्याकडे बघितलं, मग भाचीकडे.

"सकाळी धडधाकट माणूस तुझ्या ताब्यात दिला होता गं. किती सुया टोचल्यास?"

"एकही नाही, मामी. शपथ."

मामी मटकन स्टुलावर बसली.

"सुई न लावता ही गत," ती म्हणाली. "लावली असतीस तर काय झालं असतं!"